बिदअत म्हणजे काय? धर्मात नवं आणण्याची मुभा इस्लाममध्ये कुठवर आहे

यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेली बरीच माणसं मारली गेली. पैगंबर मुहंमद यांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कुराण होतं ते लोकांच्या स्मरणात, आणि कातडं, हाडं, सपाट दगड, खजुराच्या झावळ्यांचे देठ अशा सुट्यासुट्या गोष्टींवर लिहिलेलं. एका ग्रंथात बांधलेलं नव्हतं. पैगंबरांचे जवळचे सहकारी उमर तेव्हा अबू बक्र यांच्याकडे गेले, जे पैगंबरांनंतरचे पहिले खलिफा, म्हणजे मुस्लिमांचे प्रमुख होते, आणि म्हणाले, पाठक असेच मारले जात राहिले तर कुराणाचा मोठा भाग हातचा जाईल. तुम्ही ते एकत्र करा. अबू बक्र यांनी विचारलं, ‘जे अल्लाहच्या प्रेषितांनी केलं नाही, ते मी कसं करू?’ उमर म्हणाले, ‘अल्लाहची शपथ, हे काम चांगलंच आहे.’ उमर पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले आणि शेवटी अबू बक्र यांना ते पटलं. त्यांनी झैद इब्न साबित या तरुण लेखनिकाला बोलावून घेतलं. झैद यांनीही पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला. पुढे ते सांगत की एखादा डोंगर जागचा हलवायला सांगितला असता, तरी तो मला या कामाइतका जड गेला नसता.

बिदअत या विषयावर चौदाशे वर्षं जे लिहिलं गेलं, त्याचं बीज मला या संवादात दिसतं. दोन्ही बाजूंची माणसं पैगंबरांच्या सर्वांत जवळची. दोघांचाही हेतू शुद्ध. एकाला पायंडा मोडण्याची भीती, दुसऱ्याला ग्रंथच हरवण्याची. आणि ज्याला भीती वाटत होती, त्याचीही भीती खोटी नव्हती.

‘बिदअत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे: आधी नमुना नसताना नव्यानं घडवलेली गोष्ट. याच धातूपासून आलेलं ‘बदीअ’ हे कुराणात अल्लाहचं विशेषण आहे: आकाश आणि पृथ्वी यांना कोणत्याही नमुन्याशिवाय अस्तित्वात आणणारा. म्हणजे शब्दात मुळात वाईट काहीच नाही. पण नवं घडवणं हा ज्याचा अधिकार, त्याच्या क्षेत्रात माणसानं हात घातला की त्याच शब्दाला काळी छटा येते. ख्रिस्ती संन्याशांबद्दल कुराण म्हणतं की तो संन्यास आम्ही त्यांच्यावर बंधनकारक केला नव्हता, तो त्यांनी स्वतःहून काढला, आणि मग तो नीट पाळलाही नाही. तिथे वापरलेलं क्रियापद याच कुळातलं आहे.

मराठी वाचकानं हा शब्द बहुधा ‘तलाक-ए-बिद्दत’मध्ये वाचलेला असतो. एका दमात तीनदा तलाक म्हणण्याला शास्त्रकारांनीच दिलेलं ते नाव. त्याचा अर्थच मुळी ‘सुन्नतला, म्हणजे पैगंबरांच्या पायंड्याला, सोडून असलेला तलाक’. गंमत वाटण्यापेक्षा दुःख व्हावं अशी गोष्ट ही, की बहुतेक जुन्या शास्त्रकारांनी ही पद्धत दोषाची ठरवली आणि तरीही असा तलाक झाला तर तो लागू होतो असंही मानलं. एखाद्या गोष्टीला बिदअत म्हणणं आणि ती निष्फळ ठरवणं, ही दोन वेगळी पावलं आहेत.

खजुराची झाडं आणि उन्हात उभा असलेला माणूस

‘नवं ते सगळं निषिद्ध’ असा इस्लामचा नियम आहे, हा समज बाहेरच्यांमध्येही आहे आणि आतल्या काहींमध्येही. तो चुकीचा आहे. मदिनेतले बागायतदार खजुराच्या मादी झाडांवर नर फुलांचे परागकण हातानं टाकत. पैगंबरांनी त्याबद्दल शंका काढली, म्हणून लोकांनी ते सोडलं आणि त्या हंगामात पीक घटलं. तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की तुमच्या दुनियेच्या गोष्टी तुम्हालाच जास्त कळतात. या प्रसंगाचा आधार घेत शास्त्रकारांनी एक मोठी रेघ ओढली. व्यवहाराच्या गोष्टींत, म्हणजे शेती, व्यापार, औषध, प्रवास, अवजारं, वेशभूषा यांत, जोवर मनाई सापडत नाही तोवर सगळं चालतं. इबादतीत, म्हणजे उपासनेत, नेमकं उलट: जोवर आज्ञा सापडत नाही तोवर काहीच चालत नाही. एका दाराला कुलूप नाही, दुसऱ्याला आहे, आणि किल्ली माणसाच्या हाती नाही.

हे एकदा लक्षात आलं की विमानानं हजला जाणं बिदअत का नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्थात रेघ प्रत्येक वेळी इतकी ठळक नसते. 1511 मध्ये मक्केत कॉफीवर बंदी आली. कॉफी तिथे पोहोचली होती येमेनच्या सूफींकडून, जे रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणासाठी, जागं राहायला ती पीत. पेय व्यवहारातलं, पण वापर उपासनेभोवतीचा, आणि वर ती नशा आणते का हा प्रश्न. बंदी फार टिकली नाही.

आता उपासनेकडे वळू. एकदा पैगंबर प्रवचन देत होते आणि एक माणूस उन्हात उभा दिसला. चौकशी केल्यावर कळलं की त्यानं नवस केलाय: बसायचं नाही, सावलीत जायचं नाही, बोलायचं नाही आणि रोजा ठेवायचा. पैगंबर म्हणाले, त्याला सांगा, बोल, सावलीत जा, बस, आणि रोजा मात्र पुरा कर. मला या विषयावरचा सर्वांत स्वच्छ धडा हाच वाटतो. चार नवसांपैकी रोजा ही ठरलेली उपासना, ती राहिली. बाकीची तीन त्या माणसानं स्वतःच्या मनानं उपासना मानली होती, ती गळली. उन्हात उभं राहणं हे पाप नव्हे. पण उन्हात उभं राहिल्यानं देव जवळ येतो, असं म्हणायला कुणी सांगितलं?

आणि नेमकं हेच बिदअतचं मर्म आहे. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या नोंदीत, ते एका वाक्यात येतं: आमच्या या दीनमध्ये (धर्मात) जे त्यातलं नाही ते कुणी आणलं, तर ते नाकारलं जाईल. दुसरी हदीस आणखी कडक आहे, शुक्रवारच्या प्रवचनांच्या सुरुवातीला ती आजही ऐकू येते: प्रत्येक बिदअत ही वाट चुकणं आहे. जुन्या पोथीत मागून कुणी घातलेल्या ओळींना आपण प्रक्षिप्त म्हणतो. त्या ओळी सुंदर असू शकतात, मूळ कवीच्या तोडीच्याही असू शकतात. तरी त्या कवीच्या नावावर खपवता येत नाहीत. बिदअतबद्दलची चिंता अशीच आहे. प्रश्न चांगल्या-वाईटाच्या आधी कर्तृत्वाचा आहे. माणसाची ओळ देवाच्या नावावर जाऊ नये.

मदिनेचे शास्त्रकार इमाम मालिक यांच्याबद्दल एक आठवण सांगतात. मदिनेहून हजला निघणाऱ्यांनी इहराम (हजचं व्रत आणि त्याची वस्त्रं) बांधायचा तो शहराबाहेरच्या जुल-हुलैफा इथे. एक जण म्हणाला, मी पैगंबरांच्या मशिदीतूनच, त्यांच्या कबरीजवळूनच बांधतो. मालिक म्हणाले, नको, मला तुझ्याबद्दल भीती वाटते. तो म्हणाला, यात कसली भीती, मी तर चार मैल वाढवतोय. मालिक यांचं उत्तर असं: पैगंबर ज्या पुण्याला मुकले ते मला गवसलं, असं तुला वाटणं याहून मोठं संकट कोणतं?

उमर यांचं एक वाक्य

मग नवं काहीच नाही? इथेच गोष्ट अवघड होते, कारण सर्वांत गाजलेली नवी प्रथा सुरू केली ती खुद्द उमर यांनी.

रमजानच्या काही रात्री पैगंबरांनी मशिदीत जादा नमाज पढली. लोक मागे उभे राहू लागले, रोज गर्दी वाढली. एका रात्री ते बाहेर आलेच नाहीत. सकाळी सांगितलं, तुम्ही जमला होता हे मला माहीत होतं, पण ही नमाज तुमच्यावर बंधनकारक होईल अशी मला भीती वाटली. पुढे लोक ती आपापली, एकट्यानं किंवा चार-दोन जणांनी मिळून पढत राहिले. उमर खलिफा असताना रमजानच्या एका रात्री मशिदीत आले, हे विखुरलेले गट पाहिले आणि सगळ्यांना उबय इब्न कअब यांच्यामागे एकत्र उभं केलं. दुसऱ्या एका रात्री पुन्हा आले, सगळे एका इमामामागे उभे होते. तेव्हा उमर म्हणाले, ‘ही बिदअत किती चांगली!’

या एका उद्गारावर जेवढी शाई सांडली आहे तेवढी क्वचितच कशावर सांडली असेल. प्रत्येक बिदअत ही वाट चुकणं, असं पैगंबर म्हणाले. आणि उमर म्हणतात चांगली बिदअत. मेळ कसा घालायचा?

इमाम शाफिई (निधन 820) यांनी दोन भाग केले. कुराण, सुन्नत, सहाबांचं (पैगंबरांच्या सहकाऱ्यांचं) वचन किंवा शास्त्रकारांचं एकमत यांच्या विरुद्ध जाणारी नवी गोष्ट ती वाईट. यांपैकी कशाच्याही विरुद्ध न जाणारी चांगली गोष्ट निंद्य नव्हे. पुढे याच परंपरेतले इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (निधन 1262) यांनी बिदअतीला थेट शरियतच्या पाच पायऱ्यांवर बसवलं. कुराण समजण्यासाठी अरबी व्याकरण शिकणं ही बिदअत आहे आणि ती आवश्यक आहे. मदरसे बांधणं इष्ट. मशिदी नक्षीनं सजवणं नापसंत. चांगलंचुंगलं खाणं मोकळं. धर्मसिद्धान्तात नवे पंथ काढणं निषिद्ध. म्हणजे ‘नवं आहे का’ हा प्रश्न त्यांनी निर्णायक ठेवलाच नाही. नवं कोणत्या खान्यात पडतं, एवढंच पाहिलं.

दुसऱ्या बाजूला इब्न तैमिया (1263–1328) आणि ग्रानाडाचे शातिबी (निधन 1388) यांचं म्हणणं की हदीसमध्ये ‘प्रत्येक’ म्हटलंय तर प्रत्येकच. उमर यांनी तो शब्द भाषेतल्या साध्या अर्थानं, ‘नवी गोष्ट’ म्हणून वापरला. ती नमाज तर स्वतः पैगंबरांनी सामूहिकपणे पढली होती. ती थांबवण्याचं कारण होतं बंधनकारक होण्याची भीती, आणि त्यांच्या निधनानंतर नवी आज्ञा उतरणं थांबलं, तेव्हा ते कारणच उरलं नाही. आणि व्याकरण, मदरसे, कुराणाचं संकलन? ते उपासनेतली भर नव्हेत, दीन टिकवण्याची साधनं आहेत. त्यांना शास्त्रात वेगळं नाव आहे, ‘मसालेह मुर्सला’, म्हणजे ज्यांवर ग्रंथात थेट वचन नाही पण ज्यांनी दीनचे मान्य हेतू साधतात अशी हितं.

नीट पाहिलं तर मदरसा दोघांनाही चालतो. एक जण त्याला चांगली बिदअत म्हणतो, दुसरा बिदअतच म्हणत नाही. वादाचा निम्मा भाग असा शब्दांचा आहे, हे मान्य करायला कुणाचाही मान जाऊ नये. उरलेला निम्मा मात्र खरा आहे.

वेळ, संख्या आणि पैगंबरांचं न करणं

खरा वाद मुळातल्याच चांगल्या उपासनेला नवा साचा देण्यावर आहे. शातिबी यांनी यावर जितकं बारकाईनं लिहिलं तितकं दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिलं असेल. त्यांच्या मते बिदअतचे दोन प्रकार. एक पूर्ण बनावट, जिला मुळातच आधार नाही. ती ओळखायला सोपी. दुसरी अर्धी: मूळ क्रिया शास्त्रातली, पण तिला लावलेली वेळ, संख्या, जागा किंवा पद्धत माणसानं ठरवलेली. अल्लाहचं नाव घेणं कुणीही कधीही करावं. पण अमुक रात्री, अमुक इतक्या वेळा, सगळ्यांनी एका सुरात, आणि जो करणार नाही तो उणा, असं झालं की शातिबी थांबवतात. कारण दोन पिढ्यांत लोकांना ते पैगंबरांनीच सांगितलंय असं वाटू लागतं.

इराकमधल्या कूफाच्या मशिदीतली सहाबी इब्न मसऊद यांची एक गोष्ट यासाठी नेहमी सांगितली जाते. लोक वर्तुळं करून बसलेत, हातात खडे आहेत, एक जण सांगतोय शंभरदा तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणा, सगळे खड्यांवर मोजताहेत. इब्न मसऊद संतापले. पैगंबरांची भांडी अजून फुटली नाहीत, त्यांचे कपडे अजून विरले नाहीत, आणि तुम्ही एक तर त्यांच्याहून सरस दीन शोधलात नाहीतर वाट चुकण्याचं दार उघडताय. ती माणसं म्हणाली, आमचा हेतू चांगलाच होता. इब्न मसऊद म्हणाले, चांगलं हवं असलेले कितीतरी जण चांगल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

या गोष्टीच्या समोर दुसरी बाजू दोन प्रसंग ठेवते. सहाबी बिलाल प्रत्येक वुजूनंतर, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुतल्यानंतर, स्वतःहून नमाज पढत. कुणी सांगितलं नव्हतं, आणि पैगंबरांनी त्यांच्या पावलांचा आवाज स्वर्गात ऐकल्याचं सांगितलं. नमाजमध्ये रुकूतून (कमरेत वाकण्यातून) उठताना एकानं स्तुतीचे काही जादा शब्द उच्चारले, तर तीसहून अधिक फरिश्ते ते लिहून घ्यायला धावले असं पैगंबर म्हणाले. म्हणजे स्वयंस्फूर्तीला जागा होती? यावर कडक बाजूचं उत्तर आहे की ते मान्य करणारे पैगंबर तेव्हा समोर होते. आज कोण मान्य करणार? मला हे उत्तर वजनदार वाटतं, पण त्यानं बिलाल यांच्या त्या सहजतेचं मोल पूर्ण पुसलं जातं असं वाटत नाही.

आणखी एक पेच: पैगंबरांनी एखादी गोष्ट केली नाही, तर ते न करणं हा पुरावा आहे का? इब्न तैमिया यांनी यासाठी एक कसोटी दिली. पैगंबरांच्या काळी त्या गोष्टीची गरज होती का, आणि करायला अडथळा होता का? गरज होती, अडथळा नव्हता, तरी त्यांनी केली नाही, तर ते सोडणं जाणीवपूर्वक आहे. ईदच्या नमाजला अजान नाही. अजान पवित्र, लोकांना बोलावण्याची गरज तेव्हाही होती, तरी दिली नाही. म्हणून आज दिली तर बिदअत. उलट गरज नंतर उपजली असेल, तर गोष्ट वेगळी. उस्मान खलिफा असताना मदिना वाढली, तेव्हा त्यांनी शुक्रवारी बाजारातल्या जौरा या ठिकाणी एक जादा अजान सुरू केली, आणि ती रूढ झाली.

याच कसोटीवर मरवानचा प्रसंग पाहावा. उमय्या घराण्याचा हा मदिनेतला सुभेदार ईदच्या दिवशी नमाजआधीच प्रवचनाला चढू लागला. सहाबी अबू सईद खुद्री यांनी त्याचा कपडा धरून ओढलं. मरवान म्हणाला, नमाज झाल्यावर लोक आमचं ऐकायला बसत नाहीत, म्हणून मी ते आधी घेतलं. कारण प्रांजळ होतं. पण गरज लोकांची नव्हती, सत्तेची होती, आणि बदल टिकला नाही.

पैगंबरांचा जन्मदिवस

हे सगळे निकष एकत्र येऊन अडतात ते मिलादपाशी, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या उत्सवापाशी. पहिल्या पिढ्यांनी पैगंबरांचा जन्मदिवस साजरा केला नाही, यावर कुणाचंच दुमत नाही. इजिप्तमध्ये फातिमी राजवटीत दरबारी समारंभ होऊ लागले; सुन्नी जगात इराकमधल्या अर्बिलचा राजा मुजफ्फरुद्दीन गोकबोरी (निधन 1233) याचा मोठा सोहळा प्रसिद्ध आहे. शास्त्रकार फाकिहानी यांनी मिलादला निराधार ठरवलं. कैरोचे सुयूती (निधन 1505) यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून तो चांगली बिदअत ठरवला: लोक जमतात, कुराण वाचलं जातं, पैगंबरांच्या जन्माच्या कथा सांगितल्या जातात, जेवण वाढलं जातं, यात वाईट काय? एकोणिसाव्या शतकात हाच वाद देवबंद आणि बरेली या दोन प्रवाहांमध्ये तापला, आणि त्याची धग अजून आहे. दोन्ही एकाच हनफी शास्त्रपरंपरेतले, दोन्ही सूफी परंपरा मानणारे.

मला इथे इब्न तैमिया यांचं म्हणणं सर्वांत जास्त विचारात पाडतं, कारण त्यांच्याकडून फक्त कठोरपणाची अपेक्षा असते. मिलादला ते बिदअतच म्हणतात. पण त्याच ठिकाणी लिहितात की काही लोकांना यातून मोठं पुण्य मिळू शकतं, त्यांच्या चांगल्या हेतूमुळे आणि पैगंबरांवरच्या प्रेमामुळे. कृती चुकीची, माणूस मात्र कदाचित पुण्यवान. हे दोन वेगळे ठेवण्याची सवय आजच्या भांडणांत फार कमी दिसते.

बिदअती हा शब्द हत्यारासारखा वापरला गेला आहे हे खरंच. सुन्नींमधली तरावीहची, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या त्या जादा नमाजची, जमात (सामूहिक नमाज) शियांच्या दृष्टीनं बिदअत. शियांच्या अजानमधली ‘सर्वोत्तम कर्माकडे या’ ही हाक सुन्नींच्या दृष्टीनं भर, तर सुन्नींच्या पहाटेच्या अजानमधलं ‘झोपेपेक्षा नमाज चांगली’ हे शियांच्या दृष्टीनं भर. बिदअतवर सर्वांत सखोल लिहिणाऱ्या शातिबी यांच्यावरच लोकांनी बिदअतीपणाचा आरोप केला, कारण नमाजनंतरची सामूहिक दुआ ते करत नसत. हे त्यांनी स्वतः आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला व्यथेनं सांगितलंय. पण याच परंपरेनं दुसरंही शिकवलं आहे: बुखारी यांच्या गाजलेल्या हदीससंग्रहात असे हदीस सांगणारे आहेत ज्यांच्या मतांना बिदअत म्हटलं गेलं, तरी त्यांचा खरेपणा पाहून त्यांच्या हदीस घेतल्या गेल्या.

काळ उलटाही फिरतो. मक्केत काबाभोवती कित्येक शतकं चार मजहबांचे (सुन्नी शास्त्रपरंपरांचे) चार इमाम, चार वेगळ्या जागी, वेगवेगळ्या जमाती उभ्या करत. अनेक पिढ्यांनी तेच पाहिलं, तेच दीन मानलं. विसाव्या शतकात सौदी राजवटीनं ते बंद करून सगळ्यांना एका इमामामागे उभं केलं. मोडली ती शतकांची रीत, आणि मोडणाऱ्यांचा दावा होता की आम्ही जुन्याकडे परततोय.

एका इमामामागे उभं करण्याचा तो पहिला प्रसंग पुन्हा एकदा पाहा. उमर यांचा उद्गार बहुतेक जण अर्धाच सांगतात. मशिदीतली ती सरळ रांग पाहून ‘ही बिदअत किती चांगली’ म्हटल्यावर ते थांबले नव्हते. लोक ती नमाज रात्रीच्या पहिल्या प्रहरी पढत आणि मग झोपत. उमर पुढे म्हणाले, ‘आणि ज्या वेळी हे झोपलेले असतात, ती वेळ ज्या वेळी हे उभे आहेत त्याहून चांगली.’